कोल्हापूरच्या परड्यातून वसंतातले पक्षी: नवख्यांनी सुरुवात कशी करावी

पक्षी बघायचे तर राधानगरी-दाजीपूर गाठायला हवं आणि गळ्यात महागडी दुर्बीण हवी, असं बऱ्याच जणांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. फेब्रुवारी ते जून या महिन्यांत तरी याची गरज नाही. सानेगुरुजी वसाहत, आर. के. नगर, पाचगाव, फुलेवाडी, कसबा बावडा, उचगाव अशा शहराच्या कडेच्या भागात घर असेल तर घरामागचं परडं पुरतं. परडं नसेल तर गच्ची पुरते. एका अंगाला वस्ती, दुसऱ्या अंगाला उसाचे फड, मधे चार नारळ, एखादा आंबा, शेवगा, कुंपणाला जास्वंद, शेजारी न बांधलेला प्लॉट. पक्ष्यांना खाणं, आडोसा आणि घरट्याला जागा लागते, ती एवढ्यात मिळते.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. थंड मुलखात वसंत आला की दक्षिणेकडं गेलेले पक्षी परत येतात, आणि तिथले लोक त्यांची वाट बघत बसतात. आपल्याकडं वसंतात हिवाळी पाहुणे निघून जातात. गायला लागतात ते बहुतेक इथलेच, वर्षभर आपल्याच झाडांवर वावरणारे. कोकीळ डिसेंबरातही तुमच्या आंब्यात असतो, पण तोंड उघडत नाही म्हणून तुम्हाला पत्ता लागत नाही. बाहेरून येणारे थोडे आहेत, ते मे-जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर. त्यामुळं कोल्हापुरात वसंत टिपायचा म्हणजे तीन गोष्टींवर लक्ष ठेवायचं: कोण बोलायला लागलं, कोण गेलं आणि कोण आलं. यातली पहिली सगळ्यात मोठी आहे, आणि ती डोळ्यांपेक्षा कानाची आहे.

जागा ठरवा, वेळ ठरवा आणि ती बदलू नका

रोज एकाच जागी बसा. खुर्ची, पायरी, पाण्याच्या टाकीचा कट्टा, काहीही चालेल. समोर एखादं मोठं झाड आणि थोडं आकाश दिसलं पाहिजे. सूर्य पाठीमागं असावा, नाहीतर सगळे पक्षी काळेच दिसतात.

वेळ पहाटेची. मार्चच्या मध्यात कोल्हापुरात सूर्य साधारण पावणेसातला उगवतो, मेच्या अखेरीस सहाच्या सुमारास. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी बसायचं आणि उजाडल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी उठायचं. पहाटे वारा पडलेला असतो, रस्त्यावर गाड्या नसतात, त्यामुळं आवाज लांब जातो. शिवाय अंधुक उजेडात किडे दिसत नाहीत, चरायला निघण्यात अर्थ नसतो. तो मोकळा वेळ नर गाण्यात घालवतात. साडेसातनंतर पाण्याच्या मोटरी, घंटागाडी, शाळेच्या रिक्षा सुरू झाल्या की नवख्या कानाला काही वेगळं काढता येत नाही. सकाळ जमत नसेल तर सूर्यास्ताआधीचा अर्धा तास धरा, पण गाणी कमी मिळतील हे गृहीत धरा.

सामान म्हणजे एक वही आणि पेन्सिल. दुर्बीण घ्यायचीच असेल तर ८×४२ घ्या. त्यातला आठ म्हणजे पक्षी आठपट जवळ दिसतो आणि बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. त्याहून जास्त पटीची दुर्बीण हातात हलते आणि नवख्याला पक्षी सापडतच नाही. पहिले दोन महिने मात्र दुर्बिणीशिवाय काढा, असं मी आग्रहानं सांगेन. दुर्बीण हातात आली की माणूस ऐकायचं सोडून शोधायला लागतो.

आधी रोजचे ओळखा

नवा आवाज कानाला कधी लागतो? जुने आवाज पाठ झाल्यावर. म्हणून पहिला पंधरवडा फक्त घरच्यांसाठी ठेवा. कावळा आणि डोमकावळा यांतला फरक ऐका: गळ्याशी राखाडी असलेला गावकावळा पातळ आवाजात ओरडतो, सगळा काळा डोमकावळा जड आणि खोल. साळुंकी दिवसभर तऱ्हेतऱ्हेचे आवाज काढते, काही कर्कश, काही चक्क गोड. नवखा माणूस सगळ्यात जास्त फसतो तो साळुंकीला. लालबुड्या बुलबुल लहान, खुसखुशीत बोल बोलतो आणि तारेवर बसून मान उंचावतो. होला खिडकीच्या छज्जावर घुमतो. सातभाई टोळीनं येतात, पालापाचोळा उलटापालटा करतात आणि आपसात भांडल्यासारखा गलका करतात. त्यांना चांगलं ओळखून ठेवा, पुढं पावशाच्या वेळी ते लागणार आहेत. पोपटांचा थवा ओरडत जातो. चिमणी असेल तर भाग्य समजा आणि तिच्या नोंदी नेमानं करा.

आणि टिटवी. शेजारच्या रिकाम्या प्लॉटमध्ये ‘टिटीव-टिटीव’ असा आरडाओरडा रात्रीअपरात्री ऐकू येतो, ती हीच. मार्चपासून ती उघड्या जमिनीवर खड्यांच्या मधे अंडी घालते, कधी गच्चीवरसुद्धा. अंडी खड्यांच्याच रंगाची असतात, पायाखाली आली तरी दिसत नाहीत. टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस जास्त, असं जुनी माणसं सांगतात. त्यावर विसंबून पेरणी करायची का ते शेतकऱ्यानं ठरवावं; आपण तिनं अंडी कुठं आणि कधी घातली एवढं मात्र जरूर लिहून ठेवावं.

आवाज कागदावर उतरवा

हे काम सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि सगळ्यात जास्त टाळलं जातं. पक्ष्याचं नाव माहीत नसलं तरी आवाज लिहिता येतो. देवनागरी यासाठी फार सोयीची: ऱ्हस्व-दीर्घ आहे, अनुस्वार आहे, पाय मोडून तुटक आवाज दाखवता येतो. ‘टुक्’ आणि ‘टूक’ हे दोन वेगळे आवाज आहेत, वहीतही वेगळे दिसले पाहिजेत.

आवाज ऐकला की स्वतःला चार प्रश्न विचारा. एकच सूर आहे की अनेक? सूर चढतो, उतरतो की सपाट राहतो? मधे विश्रांती किती? आणि आवाज कुठून येतोय, जमिनीलगतच्या झुडपातून, झाडाच्या मधल्या फांद्यांतून की शेंड्यावरून? चौथ्या प्रश्नाचं उत्तर निम्मं काम करतं. जमिनीलगत वटवटे आणि भारद्वाज, मधे शिंपी आणि सुभग, शेंड्यावर दयाळ आणि कोतवाल, असा ढोबळ अंदाज बांधता येतो.

नोंद अशी दिसावी:

‘१४ मार्च, पहाटे ६:१०, आभाळ मोकळं, वारा नाही. समोरच्या घराच्या डिश अँटेनावर. शीळ, चार-पाच सुरांची, शेवट दर वेळी वेगळा. मधे दोन-तीन सेकंद थांबतो. दिसायला काळा, पंखावर पांढरी पट्टी, शेपटी उभी. दुसऱ्या गल्लीतून तसलंच उत्तर.’

नाव नंतर कळेल. (हा दयाळ आहे.) नाव न कळता अशा नोंदी करत गेलात तरी तुमची वही नुसत्या नावांच्या यादीपेक्षा कितीतरी मोलाची होते.

माघ-फाल्गुन: घसे मोकळे होतात

फेब्रुवारीत रात्रीची थंडी असते, पण दिवस मोठा होऊ लागलेला असतो. वाढत्या उजेडानं पक्ष्यांच्या शरीरात विणीच्या हंगामाची तयारी सुरू होते आणि नरांना कंठ फुटतो. सगळ्यात आधी ऐकू येणाऱ्यांत तांबट असतो. भर दुपारी, सगळं शांत असताना ‘टुक्-टुक्-टुक्-टुक्’, तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा, न थकता. घड्याळ लावून मोजा. मिनिटाला शंभराच्या वर ठोके भरतात. नवख्यांची तक्रार असते की आवाज एकदा इकडून येतो, एकदा तिकडून, पक्षी काही सापडत नाही. कारण साधं आहे: तांबट बोलताना मान वळवतो, त्यामुळं आवाजाची दिशा बदलते. तो चिमणीपेक्षा थोडाच मोठा, अंगानं हिरवा, म्हणून पानांत दिसत नाही. वाळक्या, उघड्या फांदीच्या टोकाकडं बघा, तिथं बसायला त्याला आवडतं. कपाळ आणि छाती लाल, गळा पिवळा, आणि प्रत्येक ठोक्याला गळा फुगतो. चोच मात्र मिटलेलीच असते. शेवग्याच्या किंवा सुकलेल्या फांदीला खालच्या बाजूनं पाडलेलं गोल, रुपयाएवढं भोक दिसलं तर ते त्याचं घर समजा.

याच दिवसांत जास्वंदीवर आणि शेवग्याच्या फुलांवर शिंजीर, म्हणजे मध पिणारे इवले पक्षी, येतात. परड्यातून वसंत डोळ्यांनी बघायचा असेल तर जांभळ्या शिंजिराचा नर बघा. पावसाळ्यानंतर त्याचे रंग उतरतात. पोट पिवळट, पाठ मातकट आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ. हिवाळा संपता संपता ती रेघ रुंद होत जाते, अंगावर काळे-निळे ठिपके उमटतात, आणि मार्चपर्यंत नर उन्हात जांभळा चमकायला लागतो. एकाच नरावर आठवडेभराच्या अंतरानं लक्ष ठेवलंत तर हा बदल टप्प्याटप्प्यानं दिसतो. रंग चढला की तो शेंड्यावर बसून ‘चीविट्-चीविट्’ असा भराभर गातो. पोट पिवळं, गळा जांभळा असा दुसरा शिंजीर आपल्याकडं तेवढाच दिसतो. त्याचे रंग वर्षभर तसेच राहतात, त्यामुळं दोघांत गोंधळ करू नका.

गावाबाहेर काटेसावर, पळस, पांगारा फुललेले असतात. त्यांच्यावर गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या भोरड्यांचे थवे बघून घ्या. या मध्य आशियाकडं वीण करतात, आपल्याकडं हिवाळ्याला येतात आणि एप्रिलपर्यंत निघून जातात. संध्याकाळी त्यांचे थवे उसाच्या फडाकडं मुक्कामाला वळतात तेव्हा आकाश हलतंय असं वाटतं.

फेब्रुवारीच्या मध्याला चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ असतो. अमेरिकेत १९९८ साली सुरू झालेला हा उपक्रम भारतात २०१३पासून होतो. किमान पंधरा मिनिटं एका जागी बसून दिसलेले-ऐकलेले पक्षी मोजायचे आणि ‘ई-बर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरायचे. नवख्या माणसानं सुरुवातीचा मुहूर्त म्हणून हाच धरावा. घरातल्या मुलांना बरोबर घ्या. मुलांचे कान मोठ्यांपेक्षा तिखट असतात.

चैत्र: खरी मैफल

पाडव्यापासून जोतिबाच्या यात्रेपर्यंतचे पंधरा दिवस एकही पहाट चुकवू नका.

दयाळ या महिन्याचा राजा आहे. हिवाळाभर तो कुंपणाखाली, झुडपात, एखादा ‘चर्र’ असा रुक्ष आवाज काढत हिंडतो. कुणाचं लक्ष जात नाही. मार्च-एप्रिलमध्ये तोच पहाटे अंधारात खांबाच्या, टाकीच्या, अँटेनाच्या टोकावर चढतो आणि शीळ घालायला लागतो. रस्त्यावर दिवा असेल तर त्याहूनही आधी. त्याच्या गाण्यातले तुकडे सारखे बदलत राहतात, मधे दुसऱ्या पक्ष्यांची नक्कलही असते. नीट ऐकलंत तर दोन घरं सोडून दुसरा नर उत्तर देताना सापडेल. या दोघांच्या बसायच्या जागा वहीत टिपा, घराचा कच्चा नकाशा काढून त्यावर खुणा करा. आठ-दहा दिवसांत प्रत्येकाची हद्द कुठं संपते ते तुम्हाला कागदावर दिसेल. परड्यातल्या निरीक्षणात इतका आनंद देणारं दुसरं काम मला माहीत नाही. मादी काळ्याऐवजी राखाडी असते. भिंतीतल्या भोकात, पाइपाच्या तोंडात, झाडाच्या ढोलीत काड्या नेताना दिसली की घरटं जवळच आहे.

कोकीळ एव्हाना पूर्ण भरात असतो. ‘कुहू-कुहू’ करणारा नर. काळाभोर, डोळे लाल. सूर दर वेळी थोडा वर चढवत नेतो आणि एकदम थांबतो. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, ती गात नाही, ‘किक्-किक्-किक्’ असं घाईघाईनं ओरडते. हा दुसरा आवाज कोकिळेचा आहे हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. दोन्ही एकत्र ऐकू आले की कावळ्याच्या घरट्याकडं नजर ठेवा. कोकिळा स्वतः घरटं बांधत नाही, अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते. नर घरट्याजवळ जाऊन ओरडतो, कावळे त्याच्या मागं लागतात, तेवढ्यात मादी आपलं काम उरकते. हा प्रकार नारळाच्या झाडावर दिवसाउजेडी बघायला मिळतो. कोकिळेचं अंडं कावळ्याच्या अंड्याआधी फुटतं. जूनमध्ये कावळा एखाद्या काळ्या, लहान, वेगळ्याच आवाजात मागणाऱ्या पिल्लाला भरवताना दिसला तर ते पिल्लू कोकिळेचं.

झाडाच्या मधल्या भागात शिंपी ‘टुवीट्-टुवीट्-टुवीट्’ असा त्याच्या बोटभर अंगाला न शोभणारा मोठा आवाज लावतो. बुलबुल मोगऱ्याच्या कुंडीत, रातराणीत, कधी दारावरच्या वेलीत वाटीसारखं घरटं करतो. नाचण पंख्यासारखी शेपटी उघडत भिंतीलगत फिरतो, त्याची शीळ एखाद्या माणसानं सहज घातल्यासारखी, चढत-उतरत जाते. हळद्या दिसला तर पिवळ्याधमक रंगानं डोळे दिपतात, पण तो आधी ऐकू येतो: पाणीदार ‘पी-लो-लो’. सिंगापूर चेरीचं झाड असेल तर त्यात ‘चिक्-चिक्’ करणारा अंगठ्याएवढा पक्षी शोधा. तो फुलटोच्या. आंब्यावर वाढणारं बांडगूळ पसरवतो तो हाच.

आता जाणाऱ्यांकडं वळू. हे काम अवघड आहे, कारण गैरहजेरी ऐकू येत नाही. हिवाळाभर झुडपातून ‘टक्... टक्’ असा तुटक आवाज येत असतो. तो बोरू वटवट्या. आंब्याच्या पानांत दिवसभर बारीक ‘चि-स्वीत’ करणारा हिरवट पर्ण वटवट्या. भिंतीवर बसून शेपटी थरथरवणारा थिरथिरा. ओल्या हिरवळीवर शेपटी वरखाली करत धावणारे पांढरे आणि करडे धोबी. हे सगळे मार्च-एप्रिलमध्ये उत्तरेकडं जातात. शेवटचा दिवस त्या दिवशी कळत नाही. म्हणून यांच्यापुढं रोज नुसती एक खूण करा. खुणा थांबल्या की मागं जाऊन शेवटची तारीख सापडते. भुवई पांढरी असलेला मोठा धोबी मात्र कुठं जात नाही. तो इथलाच, आणि याच दिवसांत गच्चीच्या कठड्यावर फार गोड गातो.

वैशाख-ज्येष्ठ: पावशा आणि पाहुणे

उन्हं तापली की दुपारी सगळं थंडावतं. मग वळीव येतो. पहिल्या जोरदार वळवानंतर संध्याकाळी जमिनीतून पंख फुटलेली वाळवी बाहेर पडते. तेव्हा घरात दिवे बंद करून बाहेर या. कोतवाल तारेवरून झेपा टाकतात, वेडे राघू हवेत गिरक्या घेतात, साळुंक्या आणि कावळे जमिनीवरच टिपायला लागतात, अंधार पडता पडता पिंगळे, म्हणजे लहान घुबडं, उतरतात. पिंगळ्याला अशुभ मानून हुसकावणारी माणसं अजून आहेत. तो किडे आणि उंदीर खातो. परड्यात पिंगळ्याची जोडी राहायला आली तर आनंद माना.

याच सुमारास पावशा बोलायला लागतो. ‘पेरते व्हा, पेरते व्हा, पेरते व्हा’, प्रत्येक वेळी वरच्या पट्टीत, टिपेला जाऊन तुटतो, आणि पुन्हा खालून सुरू. ढगाळ दिवसात आणि चांदण्या रात्रीही तो थांबत नाही. राधानगरी, भुदरगड, पन्हाळ्याकडं रोहिणीत भाताची धूळवाफ पेरणी चालू असते, तेव्हा हा आवाज शिवारभर असतो. शहराच्या कडेला मोठी झाडं असतील तर तुमच्या परड्यातही ऐकू येतो. पावशा शिक्रा नावाच्या शिकारी पक्ष्यासारखा दिसतो, उडतोही तसाच. अंगावर तसल्याच पट्ट्या. लहान पक्षी त्याला बघून घाबरून ओरडतात. त्याची अंडी सातभाईंच्या घरट्यात जातात. म्हणूनच सुरुवातीला सातभाईंची टोळी ओळखून ठेवा म्हटलं: पुढं पावसात त्या टोळीमागं एखादं पट्ट्यापट्ट्यांचं, सारखं खायला मागणारं पिल्लू दिसलं तर ते पावशाचं.

बाहेरून येणारे दोन पाहुणे लक्षात ठेवा. नवरंग दक्षिण भारतातून आणि श्रीलंकेतून विणीसाठी वर सरकतो आणि मेच्या अखेरीस, जूनच्या सुरुवातीला आपल्या भागात दिसू शकतो. तो जमिनीवर पाला उलटत फिरतो, पोटाचा शेपटीकडचा भाग लाल, पाठ हिरवी, पंखावर निळा चमकदार डाग. पहाटे आणि तिन्हीसांजेला दोन सुरांची स्वच्छ शीळ घालतो. प्रवासात थकलेला नवरंग कधी भिंतीला, काचेला धडकून परड्यात पडतो. गरजेपेक्षा जास्त हाताळू नका. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून त्यात सावलीत, शांत जागी तासभर ठेवा, पाणी पाजायला जाऊ नका, मग संध्याकाळच्या आत झुडपाजवळ खोकं उघडा. जखम असेल तर वन विभागाला कळवा.

दुसरा चातक. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा, लांब शेपटी. मान्सूनच्या वाऱ्याबरोबर आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून येतो, ‘पिऊ-पिऊ’ असा टाहो फोडत झाडावरून झाडावर जातो. उसाच्या बांधावरच्या बाभळीवर बघा. त्याची पहिली तारीख आणि तुमच्याकडच्या पहिल्या मोठ्या पावसाची तारीख शेजारी शेजारी लिहा. काही वर्षांनी ती दोन रकान्यांची यादी वाचायला फार रंगतदार होते.

फोनची मदत, पण बेतानं

‘मर्लिन’ नावाचं मोफत ॲप आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सुचवतं. भारताचा संच एकदा उतरवून घेतला की इंटरनेट नसतानाही चालतं. फोन स्थिर धरा, बोलू नका, पंखा आणि मोटर बंद करा, आणि अर्धा मिनिट रेकॉर्ड होऊ द्या. नाव आलं की ते वहीत प्रश्नचिन्हासह लिहा. पक्षी डोळ्यांनी दिसेपर्यंत, किंवा तोच आवाज तीन-चार वेगळ्या दिवशी स्वतःच्या कानानं ओळखता येईपर्यंत, प्रश्नचिन्ह खोडू नका. यंत्रानं ओळखलेला पक्षी तुम्हाला येत नाही. तुम्ही ओळखलेला येतो.

एक गोष्ट अजिबात करू नका: फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावणं. नराला वाटतं हद्दीत दुसरा नर घुसला. तो घरटं, मादी, पिल्लं सोडून भांडायला येतो. तुम्हाला छान फोटो मिळतो, त्याचा ऐन विणीतला वेळ आणि जोर वाया जातो.

परडं पक्ष्यांसाठी थोडं सोयीचं करा

पाणी ठेवा. कुंभार गल्लीत पसरट मातीचं भांडं मिळतं तेच उत्तम. दोन इंचांपेक्षा खोल नको, तळ खडबडीत असावा, मधे एक दगड ठेवा म्हणजे लहान पक्ष्याला उभं राहता येतं. सावलीत ठेवा, पण झुडपाला चिकटून नको, नाहीतर मांजर दबा धरून बसतं. पाणी रोज बदला, डास होणार नाहीत. एक-दोन दिवसांनी भांडं घासा, साबण लावू नका.

खाणं घालायच्या फंदात फारसं पडू नका. फरसाण, तिखट-मिठाचा भात, शिळी चपाती याचा पक्ष्यांना उपयोग नाही, त्यावर कावळे आणि पारवेच वाढतात. त्यापेक्षा जास्वंद, शेवगा, कढीपत्ता, सिंगापूर चेरी लावा. जागा मोठी असेल तर उंबर ठेवा, तोडू नका. फळांच्या दिवसांत तांबट, कोकीळ आणि नशीब असेल तर आपला राज्यपक्षी हरियलही त्यावर येतो. कीटकनाशकं फवारू नका. मध पिणारा शिंजीरसुद्धा पिल्लांना अळ्या आणि कोळीच भरवतो.

घरटं सापडलं तर लांबून बघा. फांद्या बाजूला सारून फोटो काढले की कावळ्याला वाट सापडते. जमिनीवर पिसं फुटलेलं पिल्लू दिसलं तर ते बहुतेक वेळा हरवलेलं नसतं, उडायला शिकत असतं. मांजराची भीती असेल तर उचलून जवळच्या फांदीवर ठेवा आणि बाजूला व्हा. माणसाचा हात लागला म्हणून आई-बाप पिल्लाला टाकत नाहीत. पोपटाचं पिल्लू पाळायला मात्र घरात नेऊ नका, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे.

आणि एक काम वहीशिवाय होत नाही. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर, एप्रिल-मेमध्ये, तारांना लागतात म्हणून फांद्या छाटतात, काही जण त्याच झपाट्यात पूर्ण झाड उतरवतात. नेमकी तेव्हाच निम्म्या पक्ष्यांची घरटी भरलेली असतात. तुमच्या वहीत कोणत्या झाडावर कुणाचं घरटं आहे ते तारखेसह लिहिलेलं असेल तर छाटणीच्या आदल्या दिवशी सोसायटीत किंवा गल्लीत जाऊन नेमकं सांगता येतं: ही फांदी पंधरा-वीस दिवस थांबवा, यात बुलबुलाची अंडी आहेत, ही वाळकी फांदी तारेपासून लांब आहे, ती राहू द्या, यात तांबट आहे. शहरात झाड तोडायला १९७५च्या कायद्यानं वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, हेही सांगा. नुसतं ‘पक्षी वाचवा’ म्हटलं की कुणी ऐकत नाही. फांदीकडं बोट दाखवून, तारीख सांगून बोललं की कामगार बहुतेक वेळा ऐकतात, आणि पुढच्या वर्षी स्वतःच विचारायला येतात की यंदा कुठल्या झाडावर घरटं आहे.